दादा नहरीत उतरले होते तो दिवस

विमान आलं की आमची गल्ली खाटांखाली शिरायची. काथ्यानं विणलेल्या बाजेखाली शिरून बॉम्बपासून काय बचाव होणार, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. मला पडायचा, कारण मी इंटरमिजिएटला होतो आणि घराण्यात शाळेच्या पुढं गेलेला मी पहिलाच. पण विमान डोक्यावर घरघरायला लागलं की मीही मायच्या शेजारी पालथा पडायचो आणि प्रश्न बाहेर अंगणात राहायचा.

पोलीस अ‍ॅक्शनचे, हिंदुस्थानची फौज निजामाच्या राज्यात शिरली तेव्हाचे, ते पहिले दिवस. भादवा होता, आभाळ भरलेलं असायचं आणि ढगांच्या वर विमान फिरायचं, म्हणजे दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. गावाबाहेरच्या माळावर बॉम्ब पडले असं कुणी म्हणे. कुणी म्हणे कागद पडले, त्यावर शरण या असं लिहिलंय. मी स्वतः बॉम्बही पाहिला नाही आणि कागदही. पाहिलं ते एवढंच की एका दुपारी मोठा दणका झाला, ताटं मांडणीवरून खाली आली आणि आमच्या शेळीनं त्या दिवशी दूध दिलं नाही.

मग फौज आली. तीही आम्ही पाहिली ती कवाडाच्या फटीतून. एकामागून एक गाड्या आल्या, आणि काही गाड्या इतक्या जड की त्या रस्त्यानं गेल्यावर ओट्यावरचा हंडा थरथरत राहिला. रझाकारांच्या भीतीनं वर्षभर ज्या गल्लीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं तिथं लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. माझी माय पहिल्यांदा कवाड सताड उघडं टाकून ओट्यावर बसली. आम्ही सुटलो होतो, हे खरंच आहे आणि ते मी लपवणार नाही.

पण भिंतीला भिंत लागून राहणारे चाचा त्याच दिवशी घरात गेले आणि त्यांनी कडी लावून घेतली. ते मदरशातले मास्तर. मला उर्दू त्यांनी शिकवली, कॉलेजात घालण्यासाठी माझ्या वडिलांच्या, दादांच्या, मागं तेच लागले होते. आमची भीती संपली आणि त्यांची सुरू झाली. माय सकाळी भिंतीवरून त्यांच्या बायकोला भाजी द्यायची, ती वाटी धुऊन परत यायची, पण चाचांचा आवाज कितीतरी दिवस ऐकू आला नाही.

शहर फौजेच्या ताब्यात होतं तेव्हा जगणं कसं होतं, असं आता पोरं विचारतात. जगणं घड्याळावर होतं. कर्फ्यू सकाळी दोन तास उठायचा आणि संध्याकाळी दोन तास. त्या दोन तासांत शहागंजात जाऊन मीठ, घासलेट, मिळाला तर गूळ आणायचा, दळण आणायचं, आणि भोंगा व्हायच्या आत घरात. माणसं इतकी घाईनं चालायची की ओळखीचा दिसला तरी नुसती मान हलवायची. विमानं अजून यायचीच. आता ती आपली होती म्हणे. पण आपली विमानं आणि परकी विमानं यांचा आवाज सारखाच असतो, त्यामुळं गल्ली खाटांखाली शिरायची ती शिरायचीच.

अशात पाणी थांबलं.

आमचं शहर नहरीचं पाणी पिणारं. डोंगराकडून जमिनीखालून बांधीव नहर येते. ती इतकी उंच की माणूस जरा वाकून चालू शकतो. शहराच्या वेशीशी आल्यावर तिचं पाणी खापरी नळांत शिरतं आणि गल्लोगल्लीच्या हौदांत पडतं. नहरीला मध्ये मध्ये तोंडं आहेत, वर दगडी झाकण असलेली, हवा यावी आणि साफ करणाऱ्याला उतरता यावं म्हणून. माझे आजोबा सोयगावकडची कोरडवाहू जमीन सोडून इथं आले आणि नहरीवर मजुरीला लागले. त्यांच्यानंतर दादा. आत साचलेला गाळ काढायचा, पिंपळाची मुळं तोडायची, निखळलेला दगड बसवायचा. दादांना शहर खालून माहीत होतं. वरच्या रस्त्यांनी ते कधी कधी चुकायचे, आणि मला त्याची लाज वाटायची.

हौदाची धार दोन दिवस बारीक होत गेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तोटीतून नुसता फुस्स असा आवाज आला. बायका घागरी घेऊन उभ्या राहिल्या आणि तशाच परत गेल्या. भादव्यात पाणी नाही म्हणजे पाण्याची कमी नव्हे, आत कुठंतरी दगड पडलाय आणि त्यात मुळ्या अडकल्यात, हे दादांनी तोटीला कान लावूनच सांगितलं. गाड्यांच्या वजनानं पडला असेल, नाहीतर त्या दणक्यानं. नहरीची कचेरी बंद होती. कचेरीतले साहेब कुठं होते ते देवाला माहीत. दादांच्या जोडीला काम करणारा गडी विमानं सुरू झाली त्याच दिवशी बिडकीनला आपल्या बहिणीकडं पळाला होता.

"एकटे नका जाऊ," माय म्हणाली.

"मंग कुणाला नेऊ? तुझ्या लेकाला?"

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुस्तक वाचत होतो. खरं तर वाचत नव्हतो, पण पुस्तक उघडं होतं.

"त्याला नाय," दादा म्हणाले. "त्याचे हात पुस्तकावरच ऱ्हाऊ दे."

सकाळी कर्फ्यू उठल्याबरोबर ते पहार आणि कंदील गोणपाटात गुंडाळून निघाले. बेत साधा होता. वेशीबाहेरच्या माळाच्या पार वर, शेतांत, नहरीचं वरचं तोंड आहे. तिथं फळी टाकली की पाणी ओढ्याला वळतं आणि पुढची नहर मोकळी होते. मग आत उतरायचं, दिवसभर काम करत खाली खाली यायचं आणि संध्याकाळी कर्फ्यू उठल्यावर वेशीजवळच्या शेवटच्या तोंडातून बाहेर पडायचं. बाहेर कर्फ्यू असला तरी जमिनीखाली कसला कर्फ्यू. यात एकच गोष्ट होती जिचा विचार दादांनी केला होता पण मी केला नव्हता. त्या माळावर, नहरीच्या बरोबर वर, फौजेचे तंबू पडले होते.

दुपारच्या सुमाराला गल्लीत झडती आली. एक तरुण अफसर आणि चार शिपाई. हत्यारं शोधत होते. आमच्याकडं हत्यार म्हणावं असं काही नव्हतं, विळी आणि खलबत्ता. अफसर तसा सभ्य होता, बूट काढू का असं त्यानं हातानंच विचारलं. तो हिंदुस्थानी बोलायला लागला. मला त्याच्यापेक्षा चांगली बोलता येत होती, पण माझी ती चाचांनी शिकवलेली उर्दू, आणि त्या दिवसांत तोंडातून चांगली उर्दू काढायची भीती वाटायची. हे एक कारण झालं. दुसरं कारण असं की मला इंग्रजी येत होती आणि आमच्या गल्लीत ती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

तेव्हा मी इंग्रजीत उत्तर दिलं. अफसरानं चमकून पाहिलं. शिपाई पण थांबले. मायनं लसूण सोलता सोलता वर पाहिलं. आयुष्यात मास्तर सोडून दुसऱ्या माणसाशी मी पहिल्यांदाच इंग्रजी बोलत होतो आणि समोरच्याला ती कळत होती. माझी छाती फुगली.

"तुझे वडील कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "माझे वडील जमिनीखाली आहेत."

त्यानं टोपी काढली. "फार वाईट वाटलं. कधी झालं हे?"

"आज सकाळी."

त्यानं मायकडं पाहिलं. कपाळाला ठसठशीत कुंकू आणि मांडीवर लसणाचं सूप. तो गोंधळला. त्याचा गोंधळ काढायला म्हणून मी बोलायला लागलो आणि मग थांबेचना. नहर म्हणजे काय, ती किती जुनी, कशी बांधली, ते सगळं सांगितलं. तो ऐकत होता. कॉलेजातले मास्तरसुद्धा माझं इतकं मन लावून ऐकत नसत. म्हणून मी आणखी सांगितलं. माझे वडील डोंगरापासून वेशीपर्यंत जमिनीखालून चालत येऊ शकतात, म्हणालो, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला पत्ता लागत नाही.

"तुमच्या माळावरूनच जाते ती," मी म्हणालो. "तुमच्या तंबूंच्या खालून."

"किती माणसं जाऊ शकतात?"

"एकामागं एक गेली तर कितीही."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

दादांची किंमत वाढावी म्हणून मी म्हणालो, "फक्त आमच्या घराला."

त्यानं वही मिटली. टोपी घातली. बोलता बोलता त्याचा चेहरा केव्हा बदलला ते मी पाहिलंच नव्हतं. झडती अर्धी टाकून ते निघून गेले आणि मला वाटलं, माझ्या इंग्रजीनं आपलं घर वाचलं.

"लई बोलत व्हतास आज," लसूण संपत आला तेव्हा माय म्हणाली. "काय इच्यारत व्हता सायब?"

मी सगळं सांगितलं. अभिमानानं सांगितलं, हे कबूल करतो. मायचे हात लसणावर थांबले.

"त्याच्या तळाखालून वाट हाय म्हणून सांगितलंस?"

"हो."

"आन् त्यानं इच्यारलं व्हतं का तुला, वाट हाय का म्हणून?"

"नाय."

"मंग?"

लढाई संपून आठ दिवस झाले नव्हते. कोण कुठून बंदूक घेऊन निघेल याची फौजेला खात्री नव्हती. आणि मी त्यांना सांगितलं होतं की तुम्ही झोपता त्याच्या खालून माणसं चालू शकतात, आणि एक माणूस आत्ता या घडीला तिथं आहे, तेही टोपी काढण्याच्या गोंधळात अशा रीतीनं सांगितलं होतं की ते त्याला कळलं का नाही तेच मला आता आठवेना.

एवढ्यात भिंतीवरून आवाज आला. चाचांचा. इतक्या दिवसांनी. ते आपल्या माडीच्या खिडकीत होते, तिथून वेशीबाहेरचा माळ दिसायचा.

"मियाँ, फौजी लोगां वो नहर के पत्थरों के पास जाके खड़े हो रैं. हर पत्थर पे एक, बंदूकां लेके. कायकू जी?"

ते पुढं म्हणाले, "अभी एक जना चिल्ला के बोला. नीचे से सिर निकला तो चला दो, बोला." मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुम्हारे वालिद किधर हैं?"

मायनं त्यांना हातानं खाली दाखवलं.

चाचा खिडकीतून नाहीसे झाले आणि क्षणात त्यांच्या दाराची कडी वाजली. अंगणात येऊन ते म्हणाले, "मैं चलता साथ में. मैं समझाता उनकू."

"मास्तरसाब, तुमी नका येऊ," माय म्हणाली. "तुमाला पाह्यलं तर आमच्या आधी तुमाला धरतील."

हे खरं होतं आणि ते त्यांनाही माहीत होतं. मग डोक्याचा पांढरा रुमाल सोडून त्यांनी माझ्या हातात दिला. "ये ऊपर पकड़ के चलो. और भागो नक्को. भागे तो मारते."

मायनं सकाळच्या दोन भाकरी फडक्यात बांधून डोक्यावर घेतल्या आणि खलबत्त्यातला बत्ता ओच्यात खोचला. मी बत्त्याचं काय म्हणून विचारलं नाही. विचारायचं माझं त्या दिवशीचं संपलं होतं.

कर्फ्यूत रिकामा रस्ता मी तोवर पाहिला नव्हता. आपल्याच पायांचा आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परत येत होता. मी रुमाल डोक्यावर धरून, माय माझ्या पुढं. ती रोज दादांना भाकरी घेऊन जायची त्याच चालीनं चालत होती, ना हळू, ना घाईनं. वेशीत पहारेकऱ्यानं अडवलं. मायनं भाकरी दाखवली, त्यानं ती मोडून पाहिली. मायला ते आवडलं नाही. मोडलेली भाकरी तिनं त्यालाच दिली आणि उरलेली घेऊन पुढं चालायला लागली. तो भाकरी हातात घेऊन आमच्याकडं बघत राहिला.

शेवटच्या तोंडाशी दाढीवाला एक शिपाई बंदूक झाकणाकडं रोखून उभा होता. त्यानं ती आमच्याकडं वळवली.

"माताजी, वहीं रुको."

"रुकले बाबा," म्हणून माय तिथंच जमिनीवर बसली.

मी समजावायला लागलो. घाबरलो की माणसाची शिकलेली भाषा आधी पळते. माझी इंग्रजी पळाली, तोंडातून चाचांची उर्दू बाहेर पडली, मोठमोठ्या शब्दांची, आणि ती ऐकून शिपायाची मान आणखीच ताठ झाली. मी पुन्हा इंग्रजीवर आलो तर ती त्याला कळेना. शेवटी मायच म्हणाली, "मेरा आदमी है बाबा नीचे. पानी के वास्ते गया. रोटी देने कू आई मैं."

एवढं त्याला कळलं. त्यानं अफसराला बोलावणं पाठवलं.

अफसर तीन शिपाई घेऊन आला, पण तो मघाचा सभ्य माणूस नव्हता. "फक्त तुमच्या घराला माहीत आहे म्हणालास. खाली कोण आहे?"

"माझे वडील."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हणालो. "तेव्हा तुम्ही टोपी काढली."

मला वाटलं आता हा मारतो. पण त्याच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. एकच माणूस आहे कशावरून, त्यानं विचारलं. मी म्हणालो, वर काढा आणि मोजा. मग त्यानं सांगितलं ते असं : माळावरच्या सगळ्या तोंडांवर शिपाई आहेत, प्रत्येकाला तोच हुकूम आहे. हुकूम बदलायला मी माणूस पाठवतो, पण लांबच्या तोंडापर्यंत पोचायला त्याला वेळ लागेल. तोवर तुझ्या बापानं दुसरीकडं कुठं डोकं काढता कामा नये. त्याला इथं आण.

आण म्हणजे कसा आणू? हाक आत जात नाही. नहरीवरची माणसं ठोक्यांनी बोलतात. वरचा दगडावर ठोकतो, खालचा पहारीनं भिंतीवर. किती ठोके म्हणजे काय, ते ठरलेलं. घरात शिकलेला मी एकटा आणि ते ठोके मला येत नव्हते. दादांनी मुद्दाम शिकवले नव्हते. तुला खाली उतरायचंच नाही तर कशाला, म्हणायचे. मायला येत होते. वीस वर्षं भाकरी घेऊन जाता जाता ती शिकली होती.

तिनं ओच्यातला बत्ता काढला. शिपाई दचकला. ती झाकणाच्या दगडाशी गुडघ्यावर बसली आणि दोन ठोके दिले. म्हणजे, कुठं आहात? मग दगडाला कान लावला. काही नाही. पुन्हा दोन. अफसर घड्याळाकडं बघत होता. आभाळात विमान आलं, माळावरून गेलं, आणि त्याच्या आवाजात खालचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. विमान जाईपर्यंत माय तशीच दगडावर गाल टेकून थांबली.

तिसऱ्या वेळेला तिनं मान हलवली. "हायेत."

"म्हणा, वर या," मी म्हणालो.

तिनं तीन ठोके दिले. उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं, लांबून, जमिनीच्या पोटातून, दोन सावकाश ठोके.

"काय म्हणतो?" अफसरानं विचारलं.

माय म्हणाली, "म्हणतेत, जरा ऱ्हायलंय."

मी ते हिंदुस्थानीत सांगितलं. त्या प्रसंगातसुद्धा दाढीवाला शिपाई हसला. त्याचा बापही असाच असावा.

तिनं पुन्हा तीन ठोके दिले. पुन्हा दोन सावकाश. मायचा चेहरा मात्र उतरत चालला होता. ती म्हणाली, "आवाज मधल्या तोंडापासचा हाय. आता भूक लागली की तिथंच वर येतील. दुपारी तिथंच दम खातेत ते, झाकण सारून; आत गेले की वरचे तंबू न् कर्फ्यू काय ध्यानात ऱ्हात नाय त्यांच्या." आम्ही सगळ्यांनी माळाकडं पाहिलं. मधल्या तोंडावरचा शिपाई लांबवर काठीएवढा दिसत होता. हुकूम बदलायला गेलेला माणूस अजून अर्ध्या वाटेतही नव्हता.

ठोक्यांत एक ठोका असा आहे की तो थांबत नाही. हात चालेल तितका वेळ भराभर ठोकत राहायचं. त्याचा अर्थ, फळी सुटली, पाणी आलं, पळ. तो ऐकला की खालच्या माणसानं हातातलं टाकून उताराकडं धावायचं, मध्ये कुठंही न थांबता, शेवटच्या तोंडापर्यंत. तो ठोका खोटा द्यायचा नाही, अशी आमच्या घरात शपथच होती. लहानपणी मी जेवता जेवता ताटावर तसा वाजवला तर दादांनी मला उचलून ओट्यावर नेऊन बसवलं होतं, आणि त्या दिवशी मला कुणी जेवू घातलं नाही. एकदा खोटा दिला की खऱ्या वेळी माणूस धावणार नाही.

माय बत्ता हातात घेऊन बसली. किती वेळ बसली, मला वाटतं दोन श्वास. मग ठोकायला लागली.

ती ठोकत राहिली. दगडाचे कपचे उडायला लागले. पदर डोक्यावरून पडला, तो तिनं सावरला नाही. शिपायानं आणि मी मिळून झाकण बाजूला सारलं तरी ती कडेच्या दगडावर ठोकतच होती. आतून पाण्यात पाय आपटल्याचा आवाज आला. कुणीतरी धावत येत होतं. अफसरानं हात वर केला आणि तीन बंदुका त्या चौकोनी काळ्या भोकाकडं वळल्या.

तेव्हा मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही. मी पालथा पडलो आणि डोकं त्या तोंडातून आत घातलं. म्हणजे खालून जे कुणी वर येईल ते आधी माझ्या डोक्याला लागेल, आणि वरून जे येईल तेही. आत गार हवा होती, गाळाचा वास होता.

"दादा, हातात काही धरू नका. रिकामे हात वर करून या."

"फळी सुटली का?" अंधारातून दादांचा आवाज आला. धाप लागली होती.

"नाय सुटली."

"मंग ठोकतंय कोण?"

"माय."

मग दादा म्हणाले, "डोकं फिरलं का तिचं?"

मायनं ठोकणं थांबवलं. तिनं हे ऐकलं होतं.

मी जरा मागं सरकलो आणि दादा वर आले. आधी दोन हात आले, चिखलानं माखलेले आणि रिकामे. पहार त्यांनी धावताना टाकली होती, आणि ती टाकली होती म्हणूनच आज मी हे लिहितोय असं मला वाटतं. मग डोकं आलं. उजेडात त्यांचे डोळे मिटले होते. उघडले तेव्हा त्यांना आधी अफसराचे बूट दिसले, मग बंदुका, मग मी पालथा पडलेला, मग माय. त्यांनी आमच्याकडं असं पाहिलं की जणू घरी नवीन पाहुणे आलेत आणि कुणी सांगितलंच नाही.

"और कितने आदमी हैं नीचे?" अफसरानं विचारलं.

दादांनी अंगावरचा गाळ निपटला. "साब, और एक आदमी होता तो लई अच्छा होता. पत्थर बड़ा है. अकेले से नईं हलता."

अफसर हसला. खरंच हसला, मान मागं टाकून. बंदुका खाली झाल्या. मी उठलोच नाही, उताणा होऊन तसाच जमिनीवर पडून राहिलो. वर ढग होते, आणि मला आठवतं, मला खूप झोप आली.

अफसरानं स्वतः कंदील धरून तोंडातून आत वाकून पाहिलं. मग दोन शिपाई दिले. त्यांनी बूट काढले, पट्टे काढले आणि दादांच्या मागं आत उतरले. दगड आणि त्यातल्या मुळ्या निघायला बराच वेळ गेला. माय तोंडाशी बसून होती. मला काही काम नव्हतं म्हणून मी अफसराच्या विचारण्यावरून नहरीची सगळी तोंडं त्याच्या वहीत काढून दिली. या वेळी दादांना विचारून काढली. फळी उचलली गेली, आणि संध्याकाळी कर्फ्यू उठायच्या आधीच आमच्या हौदात आधी हवा, मग लाल गाळ, मग पाणी आलं. चाचा पहिल्यांदा घागर घेऊन स्वतः आले. त्यांचा रुमाल मी परत दिला तर त्यांनी तो तिथंच पाण्यात भिजवून तोंडावरून फिरवला आणि बराच वेळ तोंडावरून काढला नाही.

पुढं मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही. पण ठोके मी त्याच आठवड्यात शिकलो, दादांनीच अंगणात बसवून शिकवले, आणि माझी परीक्षा मायनं घेतली. ती कॉलेजातल्या मास्तरांपेक्षा कडक होती.

त्या संध्याकाळी दादा अंगणातल्या दगडावर बसले होते, माय त्यांच्या पाठीवर पाणी ओतत होती. तिच्या उजव्या तळव्याला फोड आले होते, दोन फुटलेही होते. तांब्या डाव्या हातात होता. दादांनी तो हात पाहिला. दिवसभरात खोट्या ठोक्याबद्दल ते तिला एक शब्द बोलले नव्हते, आता बोलतील असं मला वाटलं.

"इतकं जोरात कशाला ठोकायचं?" ते म्हणाले.

"तुमाला ऐकू कमी येतं," माय म्हणाली, आणि उरलेलं पाणी तिनं त्यांच्या डोक्यावर ओतलं.